विहिरीतली घरगुती पाणबुडी: धडक सोसेल अशी कशी बांधावी?

काठावरून: दगडी बांधीव विहीर, पाणी १५ मीटर खोल. तळाचे झरे आणि कपारी पाहायला वायरवर चालणारी छोटी पाणबुडी बांधतोय. ११० मिमी व्यासाचा, ६ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाचा पीव्हीसी पाइप, पुढे ॲक्रिलिकची खिडकी, १२ व्होल्टच्या तीन मोटारी, एकूण वजन ५ किलो. दगडांवर आपटून फुटू नये म्हणून पाइप जाड घेऊ का?

लेथवाला: जाड घ्याच, पण कारण वेगळं आहे. ६ किलो हा आकडा आतून रेटणाऱ्या पाण्याचा. बाहेरून चेपताना भिंतीची जाडी महत्त्वाची: ती दीडपट केली की ताकद तिपटीहून जास्त वाढते. १० किलोचा घ्या, आणि उन्हात पडून लंबगोल झालेला तुकडा अजिबात नको.

धडकेचं गणित निराळं. ५ किलो वजन सेकंदाला १ मीटर वेगाने आपटलं तर ऊर्जा अडीच ज्यूल. पाणबुडी ५ मिमीत थांबली तर सरासरी ५०० न्यूटनचा दणका, २५ मिमीत थांबली तर फक्त १००. म्हणून मार चौकटीने खायचा, नळीने नाही. २० मिमी पीव्हीसीची चौकट करा, खिडकीच्या ४० मिमी पुढे येईल अशी. कोपऱ्यांना जुन्या सायकल टायरचे तुकडे बांधा. मऊ फोम नको, तो खोलीवर दबतो आणि तरंगण्याचा तोल बिघडतो. चौकटीला भोकं पाडून पाणी आत भरू द्या. नळी चौकटीत रबर लावलेल्या क्लॅम्पने धरा, तिच्यात स्क्रू मारू नका.

ओरिंग११०: खिडकी ६ मिमी पॉलिकार्बोनेटची करा. ॲक्रिलिक बोल्टच्या भोकापासून तडकतं. मात्र पॉलिकार्बोनेटला थिनर, ॲसिटोन किंवा थ्रेडलॉक (बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून आट्यांना लावायचा डिंक) लागला की बारीक तडे जातात. ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) ३ मिमी जाडीची, ती बसवायची खाच २.३ मिमी खोल, वर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. १५ मीटरवर पाणीच खिडकीला सुमारे १४० किलोच्या जोराने दाबून धरतं. गळती होते ती पहिल्या मीटरभरात, धडकेने झाकण किंचित हललं की. बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून आवळा.

काठावरून: वायर कुठून आत घेऊ? आणि चाचणी?

लेथवाला: वायरीचं वरचं आवरण दगडावर फाटलं की पाणी आतल्या तारांमधून थेट नळीत येतं. आत शिरताना प्रत्येक तार १० मिमी सोला, उघड्या भागात सोल्डर पूर्ण भरा आणि सगळं इपॉक्सीत बुडवा. ओढायला पॉलिप्रॉपिलीनची दोरी वेगळी ठेवा. ती तरंगते, पंख्यात जात नाही. ताण दोरीवर, वायर ढिली.

चाचणीला हातपंपाने आतली अर्धी हवा काढा आणि १५ मिनिटं दाबमापकाचा काटा पाहा. तो हलला नाही तर हवा तशीच काढलेली ठेवून चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यावर लाकडी हातोडीने ठोका. ठोकताना काटा सरकला तर आधी खिडकीचे बोल्ट तपासा, मग वायरीचं इपॉक्सी.