बहुघटकी प्लाझ्मातील सोलिटॉन: उंचवटा आणि खळगा

प्लाझ्मात, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन यांच्या विद्युतभारित वायूत, आयनांच्या घनतेची ध्वनीसारखी लाट पसरते; आकार न बदलता पुढे जाणारा तिचा एकाकी तरंग म्हणजे आयन-ध्वनी सोलिटॉन. तो नेहमी घनतेचा उंचवटाच असतो, असा एक दावा आहे. केवळ थंड धन आयन आणि तप्त इलेक्ट्रॉन असलेल्या साध्या प्लाझ्मापुरते ते बरोबर आहे; वाशिमी आणि तानिउती यांनी १९६६ मध्ये अशाच प्लाझ्मासाठी कोर्तेवेग-द व्रीस समीकरण (सोलिटॉनचे वर्णन करणारे समीकरण) मिळवले होते. ऋण आयन मिसळले की मात्र चित्र पालटते. तरंगाबरोबर चालत पाहिले तर धन विभवाच्या (विद्युत-पातळीच्या) भागात धन आयन मंदावून दाटतात आणि ऋण आयन वेग घेऊन विरळ होतात, त्यामुळे दोघांचे अरेषीय (तरंगाच्या उंचीच्या सरळ प्रमाणात नसलेले) परिणाम एकमेकांना खोडू लागतात.

दोन्ही आयन थंड आणि समान वस्तुमानाचे धरून गणित केले, तर ऋण आणि धन आयनांच्या घनतांचे गुणोत्तर २ वजा √३, म्हणजे सुमारे ०.२७, होताच समीकरणातले वर्ग-अरेषीय (विभवाच्या वर्गाशी निगडित) पद शून्य होते. त्यापुढे ऋण विभवाचा खळगा हाच सोलिटॉन ठरतो, आणि असे विरलन (घनता घटलेले) सोलिटॉन १९८४ मध्ये प्रयोगशाळेत दिसलेही आहेत. मला या विषयातली सर्वांत सुंदर जागा वाटते ती त्या क्रांतिक बिंदूवरची: तिथे घन-अरेषीय (विभवाच्या तिसऱ्या घाताशी निगडित) पद सूत्रे हाती घेते, उंचवटा आणि खळगा दोन्ही शक्य होतात, आणि एरवी चौपट उंच सोलिटॉनची रुंदी निम्मी होते ती इथे एक चतुर्थांशावर येते.