अगाथा ख्रिस्ती पेनाचा पिस्टन अडकलाय, मदत हवी आहे

मंडळी, कोल्हापुरात किंवा आसपास जुनी शाईपेनं जीव लावून दुरुस्त करणारं कुणी माहीत आहे का?

मामांचं माँ ब्लाँ (Montblanc) कंपनीचं अगाथा ख्रिस्ती पेन माझ्याकडे आलंय. लेखकांच्या नावांच्या 'रायटर्स एडिशन' मालिकेतलं, १९९३ चं. आदल्या वर्षी हेमिंग्वेच्या पेनाने ती मालिका सुरू झाली होती. काळं अंग, क्लिपच्या जागी चांदीचा साप, डोळ्यांत माणकाचे दोन लाल ठिपके. बाईंच्या कथांत विषप्रयोग फार, म्हणून साप असावा, हा आपला माझा तर्क.

मामा आजारी होते तेव्हा पेन शाईसकट कपाटात राहिलं, चूक आमचीच. आता शाई ओढणारा पिस्टन हलवायची मागची घुंडी पाव फेरा फिरते आणि घट्ट बसते. दोन रात्री निब साध्या पाण्यात बुडवून ठेवली. वाटीत शाईचे निळे धागे सुटले, पिस्टन मात्र ढिम्म. जोर लावायचं धाडस होत नाही. पेनाच्या अंगाच्या रेझिनला नको म्हणून गरम पाणी आणि स्पिरिट टाळलंय.

शिवाय साप काळवंडलाय. गुजरीतला ओळखीचा सराफ म्हणतो, "आणा की, पाच मिनिटांत लख्ख करतो." पण खवल्यांच्या खाचांतला काळेपणा मुद्दाम ठेवलेला असतो ना? तो गेला तर साप नव्या पैंजणासारखा दिसायचा!

कंपनीकडे पाठवायची तयारी आहे. कुणी पाठवलंय का, खर्च किती आला? आणि पेन विकायचं नाही, भाव विचारू नका.