सिकलसेल अंगात घेऊन कामाला जाणाऱ्यांनो, इथे लिहा

कुरखेड्याकडून (धागा मीच काढतेय) :

नमस्कार मंडळी. दरवर्षी १९ जूनला जागतिक सिकलसेल दिन होतो, दवाखान्यात पोस्टर लागतात, शाळेत रक्ताचे नमुने घेतात, चांगलंच आहे ते. पण बोलणं सगळं लेकरांबद्दल, गरोदर बायांबद्दल नाहीतर लग्नाआधीच्या तपासणीबद्दल. आपण जे तिशी-चाळिशीला पोचलो, ज्यांच्या पगारावर घर चालतं, ते हे दुखणं घेऊन कामावर कसे टिकतात, कोणाला सांगतात, कोण धावून येतं, डोक्यात काय चालतं, हे कुठंच येत नाही. गोळ्यांचं डॉक्टर सांगतातच, तुम्ही जगण्याचं लिहा.

माझं सांगते. मी एसएस, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून हा दोष आलेली पेशंट, दवाखान्याच्या लाल कार्डवाली, एका ऑफिसात कंत्राटी डेटा एन्ट्री करते. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात म्हणून कळा येतात, हे आपल्याला पाठ आहे, पण बाजूच्या टेबलवाल्याला त्यातलं काय दिसणार? प्लास्टर नाही, पट्टी नाही. काल हसत होती आणि आज आली नाही म्हणजे बहाणा, असा सरळ हिशोब लावतात लोक. खरं सांगते, कळांपेक्षा मला त्या संशयाचा त्रास जास्त झाला. त्यात कंत्राटी म्हणजे रजा घेतली की पगार कटणार, पुढची ऑर्डर निघेल का नाही ही धाकधूक वेगळीच, त्यामुळे हाडं ठणकत असतानाही खुर्चीत बसून राहायचं.

मग एकदा तब्येत चांगली असताना, मुद्दाम चांगल्या दिवसांत, डॉक्टरांचं पत्र घेऊन साहेबांसमोर बसले आणि सगळं समजावून सांगितलं. कूलरच्या थेट हवेत बसवू नका, पाण्याला उठले तर काही म्हणू नका, कळ उठली तर १०८ बोलवा आणि भावाला फोन करा. दुखत असताना सांगितलं तर लोकांना रडगाणं वाटतं, चांगल्या दिवशी सांगितलं तर ऐकून घेतात, असा माझा अनुभव. दोन सहकारी मैत्रिणींना पण तेच सांगून ठेवलं. आता दुखणं गेलं नाही, पण सकाळी ऑफिसला निघताना छातीत धडधडायचं ते बरंच थांबलं.

सिंदेवाहीजवळून :

ताई, मले टायपिंग नाही जमत, माही पोरगी लिहून रायली. आमचं काम धानाच्या रोवणीचं. आखाड-सावनात बांधीत गुडघाभर चिखल, वरून पाणी, दिवसभर वाकून राहा. अंगात थंडी भरली का माह्या मांड्या अन् कंबर धरते. आमी बाया गुत्त्यानं रोवणी घेतो, म्हणजे एकराचा भाव ठरते अन् पैसे सगळ्याईत सारखे वाटते. आता एक बाई मागं रायली तं बाकीच्याईचं नुकसान होते ना, म्हणून दोघी-तिघी बोलल्या बी का इले कायले घेता. त्याईचं बी चूक नाही, त्याईच्या घरी बी पोरं हायेत. पण आमची टोळीवाली मोठी बाई म्हणे का, इले बांधीत नाही उतरवायचं, हे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून पऱ्ह्याच्या (धानाच्या रोपाच्या) पेंढ्या बांधन, पोरायले पाहीन, च्या-पाणी करन, थे बी कामच होय. अन् वाटा तेवढाच. तवापासून तसंच चालू हाये.

मे महिन्यात तेंदूपत्त्याले मी जंगलात नाही जात. उन्हात पाणी कमी पडलं का कळा उठल्याच समजा. नवरा अन् पोरगी पान आणते, मी घरी सावलीत पुडके बांधून देतो. पयले लय रडू ये का मी घरावर भार झालो. कोणी समजावलं तरी थांबे नाही. हातात वाटा येऊ लागला तवा कमी झालं.

वणीवरून, कंडक्टर :

ताईंचं वाचून राहवलं नाही. साध्या माणसाची लाल पेशी १२० दिवस टिकते, आपली १०-२० दिवसांत फुटते आणि त्याचा पिवळेपणा डोळ्यांत उतरतो. माझे डोळे कायम पिवळे. प्रवासी तोंडावर बोलतात, मास्तर रात्रीची उतरली नाही वाटते. मी आयुष्यात दारूला शिवलो नाही, माझे वडील माळकरी. हे ऐकून घरी गेल्यावर जेवण जात नसे, बायकोला कारणही सांगत नव्हतो.

एका ड्रायव्हर भाऊंसोबत माझी ड्युटी बरेचदा लागते, त्यांनी हे ऐकलं आणि गाडी बाजूला घेऊन त्या माणसाला शांतपणे समजावलं, हा आजार आहे, जन्मापासून आहे, आईबापाकडून आलेला आहे. तो माणूस उतरताना हात जोडून गेला. आता प्रत्येक स्टँडवर माझी बाटली तेच भरून देतात. आमच्या कामात लघवीला जागा मिळत नाही म्हणून पाणी कमी प्यायची सवय सगळ्यांनाच लागते, आणि सिकलसेलवाल्याला ते विष आहे. खुब्याच्या हाडाला रक्त कमी पडून ते झिजलंय माझं, उभं राहणं पुढे किती जमेल ही चिंता आहेच, बसून करायच्या कामासाठी अर्ज दिलाय.

एक कामाचं सांगतो, सिकलसेल पेशंटला उपचाराला जायला एसटीच्या साध्या गाडीत तिकिटाची सवलत आहे, कार्ड सोबत ठेवा आणि मागायला लाजू नका.

आरमोरीकडून, आशा ताई :

मी स्वतः एएस आहे, वाहक, म्हणजे दोष आई किंवा बाप एकाकडूनच आलेला. आजार नाही मला, पण गावात वाहक आणि पेशंट एकच समजतात आणि पोरीचं लग्न मोडतं. नवरा-बायको दोघं एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल व्हायची शक्यता २५ टक्के, एक जण साधा असला तर एसएस होतच नाही, एवढं सांगायला मला घरोघरी फिरावं लागतं. कळा कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या न्यायला पेशंट येतात त्या दिवशी मी सगळ्यांना एकाच वेळी बोलावते. रांगेत बसल्या बसल्या बोलतात एकमेकांशी. रोजी बुडते म्हणून न येणारे दोन गडी आता एकाच गाडीवर येतात.

एक प्रश्न (जिल्हा भंडारा) :

माझा भाऊ एसएस आहे, स्पर्धा परीक्षा देतो. दिव्यांग कोट्यातून फॉर्म भरता येतो का?

कुरखेड्याकडून :

दादा, २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) निघतं, जरूर काढून घ्या. पण नोकरीतलं ४ टक्के आरक्षण ज्या प्रकारांना दिलंय त्यात रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. पोरं आशेवर वर्षं घालवतात म्हणून स्पष्ट लिहिते. हे बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आपण सगळ्यांनी मिळून मागणी केली पाहिजे.

देवरीवरून (सध्या बुटीबोरीत कामाला) :

मी पेशंट नाही, माझी बायको एसएस. लग्नाच्या वेळी तपासणी झालीच नव्हती, नंतर कळलं मी एएस. म्हणजे प्रत्येक वेळी अर्धी शक्यता एसएसची. मुलगा एएस निघाला, देवाची कृपा. तिला दुसरं मूल पाहिजे आणि माझी हिंमत होत नाही, यावर आमचं बोलणं सुरू होतं आणि अर्ध्यातच थांबतं.

मी आठवडाभर इकडे, ती तिकडे सासूसोबत. शिफ्टमध्ये मोबाईल चालत नाही. रात्रपाळीला मशीनसमोर उभा असतो आणि डोक्यात एकच, आत्ता कळ उठली असेल तर? गेटवरच्या गार्डभाऊंनी स्वतःहून त्यांचा नंबर घरी द्यायला सांगितला, फोन आला तर आत येऊन सांगतो म्हणाले. तेव्हापासून जरा झोप लागते. मध्ये फारच घुसमट झाली होती, घरी सांगायची सोय नाही, ती आणखी घाबरेल. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या १४४१६ वर फोन केला, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. बाईंनी उपदेश केला नाही, ऐकून घेतलं आणि मुलाबद्दलचं बोलणं दोघांनी मिळून समुपदेशकासमोर करा म्हणाल्या. पुढच्या सुट्टीत गोंदियाला जाणार आहोत दोघं. इथे कोणी असा निर्णय घेतला असेल, मूल होऊ दिलं असेल किंवा नसेल, तर प्लीज लिहा.

सिंदेवाहीजवळून :

भाऊ, मी एसएस, मालक (माहे घरवाले) साधे हायेत, म्हणून माह्या दोनी पोरी एएस, आमचा हिशोब येगळा होता. पण दोनी बाळंतपणं लय जड गेली, रक्त चढवा लागलं, शेवटचे महिने मोठ्या दवाखान्यातच होतो. पोटात पोर असताना बाईच्या जीवावर काय बेतते थे तुमच्या घरच्या बाईले एखाद्या बाईनंच सांगाव. माह्या पोरीचा नंबर तुमाले मेसेजमधी पाठवतो, त्याईले म्हणा दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करा, तवा मी धुऱ्यावरच असतो.