मदत हवी आहे : गिरणी कामगार संघटनेच्या आजारी कामगारांसाठीच्या आरामगृहाचा इतिहास (नागपूर)

एम्प्रेस मिल १८७७ ची, पण कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून चालवलेल्या आरामगृहाबद्दल फारसं लिहिलेलंच नाही. तो इतिहास कागदांवरून जुळवतो आहोत.

हाती आहेत बिनतारखेच्या रोजकीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या. काळ ठरवायला नाणी कामी येतात. आणे-पै यांत हिशोब असेल तर नोंद बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीची, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधली. मात्र सुरुवातीची काही वर्षं दोन्ही नाणी चालत होती, म्हणून एकट्या पानावर निष्कर्ष काढत नाही. स्वयंपाकघराच्या खात्यात ‘दूध ४ शेर’ जाऊन किलो-लिटर कुठे येतं, तेही जुळवून पाहतो.

अडलंय ते इथे. ट्रेड युनियन कायदा १९२६ (आता रद्द) च्या कलम २८ नुसार संघटनेला दरवर्षी निबंधकाकडे जमाखर्च द्यावा लागत असे. कलम १५ प्रमाणे आजारपण, म्हातारपण, अपघात यांवरचा खर्च सर्वसाधारण निधीतून करता येत असे, म्हणजे आरामगृहाचा खर्च त्यात दिसायला हवा. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशात होतं. त्याआधीची विवरणपत्रं नागपुरातच राहिली की भोपाळला गेली? विदर्भ अभिलेखागारात कुणी पाहिली आहेत का?

जागेसाठी आखीव पत्रिका (शहरातल्या जागेच्या मालकीचा उतारा) काढताना फक्त संघटनेच्या नावानं शोधू नका. नोंदणीकृत संघटनेला कायद्यानं स्वतःच्या नावे मिळकत घेता येत असे, पण ती विश्वस्तांच्या नावेही असू शकते. जुन्या विश्वस्तांची यादी कुठे मिळेल? आणि कुणाच्या घरी वर्गणीच्या पावत्या असतील तर कृपया लॅमिनेशन करू नका, सरळ उजेडात फोटो काढून पाठवा, मागची बाजूही.