आईच्या डोक्यात गाठ, ऑपरेशन सांगितलंय. सावंगी की नागपूर?

आर्णीचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आई 56 वर्षांची. दसऱ्यापासून डावा हात लुळा पडत चालला होता. कापूस वेचताना बोंडातून कापूस सुटायचा, पण ओटीत जायच्या आधी हातातून खाली. मग वावरातच फिट आली. यवतमाळला एमआरआय काढला, मेनिंजिओमा निघाला, उजव्या बाजूला. वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यातल्या न्यूरोसर्जननी समजावून सांगितलं की ही गाठ मेंदूच्या आवरणातून वाढते, बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, पण मेंदूवर दाब आणि सूज आहे म्हणून काढावीच लागेल. केशरी रेशनकार्ड आहे. हातात सोयाबीनचे 60 हजार आहेत, त्याच्या वर जाणं जमत नाही. वावर विकायचं नाही, आईनं शपथ घातली आहे. सावंगीलाच करावं की नागपूरला न्यावं? दुसरं, पऱ्हाटी (कापसाचं पीक) फुटून पांढरी झाली आहे, वेचायला कोणी नाही. गावचे लोक मदत करतो म्हणतात, ती घ्यावी कशी?

नागपूरकर_काका
नागपूरच. माझ्या साळ्याचं इथं मोठ्या खासगी दवाखान्यात झालं. साडेचार लाख लागले, पण माणूस स्वतःच्या पायानं घरी आला. पैशाचं नंतर पाहता येते.

दारव्ह्याची_सून
काका, त्यांनी 60 हजार लिहिलंय. दादा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन बसतं, केशरी कार्डावर चालतं. मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख आहे. दवाखान्यात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या माणसाचा टेबल असतो. रेशनकार्ड, आधार आणि एमआरआय घेऊन आधी तिथं जा, मंजुरी आल्यावरच पुढचं. कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळते का ते आजच पाहा. आमच्या सासूबाईंचं माहेरचं नाव कार्डावर होतं, त्यात चार दिवस गेले.

वावरवाला
भाऊ, नागपूरले सुपरले ने, सरकारी सुपर स्पेशालिटी दवाखान्यात. माह्या बापाचं तिथंच झालं, योजनेतच झालं. नंबर लागाले वेळ लागते, पन डाक्टर लय हुशार हायेत.

नागपूरकर_काका
सुपर म्हणजे मेडिकलच, सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना.

वावरवाला
मेडिकलचंच हाये काका, पन इमारत येगळी हाये. मेडिकलच्या गेटवर उतरून मी म्हाताऱ्याले घिऊन उन्हात हिंडलो हावो. पोराले नीट सांगा.

मिहान_रहिवासी
एम्सचा कुणी विचारच करत नाही. नागपुरातच मिहानला आहे, स्वच्छ आहे, माझ्या पुतणीचं मणक्याचं तिथं झालं. एम्सलाच जा.

पुसद_ते_मुंबई
मी तर म्हणतो टाटाला जा. आमच्या काकांना नेलं तेव्हा दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. पेशंट आणि सोबतचे, सगळ्यांची सोय झाली.

सिस्टर_वर्धा
टाटा कॅन्सरसाठी आहे. यांची गाठ तशी असेल असं डॉक्टरांनी म्हटलेलं नाही. गाठ काढल्यावर बायोप्सीला जाते, तिचा ग्रेड आला की पुढं शेक (रेडिएशन) द्यायचा की नाही ते ठरतं. आत्ता मुंबई नको.
मी वॉर्डात काम करते म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. सूज उतरायला डेक्सामेथासोनच्या गोळ्या दिल्या असतील. त्यांनी बरं वाटतं म्हणून मध्येच बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. त्यांनी साखर वाढते, तेव्हा शुगर तपासत राहा. फिटच्या गोळीची वेळ एकदाही चुकवू नका. परत फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांच्या वर गेली तर 108 ला फोन. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सर्जनला आधीच सांगा. आणि एमआरआयची फिल्म पुरत नाही, सीडी सोबत ठेवा.

वणीचे_गुरुजी
फिट आली की तोंडात काही घालू नका. सिस्टरांनी सांगितलंच आहे, तरी परत लिहितो, कारण आमच्या गावात अजूनही घालतात.
गावकऱ्यांना मात्र वॉर्डात येऊ देऊ नका. माझ्या भावाच्या वेळेस टेम्पो भरून माणसं आली, एकानं टाक्यांना अंगारा लावायला हात पुढं केला. भांडून थांबवावं लागलं, ते अजून बोलत नाहीत. न बोलोत. कळंबच्या चिंतामणीला नवस बोला, मी स्वतः बोललो होतो, पण अंगारा घरीच ठेवा.

राळेगावची_माय
पोरा, गावाची मदत नाही म्हणू नको. नाही म्हटलं की माणसं तुटतात. पण मोघम "काही लागलं तर सांगा" यावर ठेवू नको, कामं वाटून दे. माझ्या मालकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा बचत गटाच्या बायांनी आमची पऱ्हाटी वेचली. कापूस शेजाऱ्याच्या काट्यावर मोजून वहीत लिहिला. मजुरी कोणी घेतली नाही, पण हिशेब ठेवला म्हणून कोणाच्या मनात किंतु आला नाही. एकीनं म्हैस सांभाळली. दोघं तरणे पोरं रक्त द्यायला तयार ठेवले. पैसे घेतले तर नाव आणि रक्कम लिहून ठेव. आणि एक घरचं माणूस फक्त फोन घेईल, तू नको घेऊ.

मिहान_रहिवासी
एम्सचं कुणी बोललंच नाही परत.

आर्णीचा_पोरगा
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं, सावंगीलाच करतो. तुमच्यातले तिघं नागपूर म्हणालात ते समजून घेतलं, पण आईला ज्यांनी तपासलं त्यांच्यावर तिचा विश्वास बसलाय, आणि मावशी देवळीला आहे, माझा डबा तिथून येईल. नागपूरला आमचं कोणी नाही. योजनेची मंजुरी काल आली. पेशंटचं जेवण त्यातच आहे, म्हणजे 60 हजारांत निभेल.
गुरुजी, वॉर्डात मी आणि बहीण, दोघंच. माय, तुमचं ऐकून वही केली आहे. आईच्या भजनी मंडळातल्या बाया सोमवारपासून वावरात येतात. पहिल्या पानावर त्यांची नावं आईनंच उजव्या हातानं लिहिली.
सिस्टर, एक विचारू? केस सगळे काढतात का? आई ऑपरेशनला नाही, वेणीला घाबरली आहे.

सिस्टर_वर्धा
दरवेळी सगळे काढत नाहीत. पुष्कळदा चिरेच्या पट्टीपुरतेच काढतात, पण ते गाठीच्या जागेवर आणि सर्जनवर आहे. भरती होतानाच विचारा, आईंच्या समोर विचारा. आणि आदल्या दिवशी डोक्याला तेल लावू नका.