फाइलच्या नावात 'फायनल' लिहायला बंदीच घालावी का?

मिरजोळेकर (धागाकर्ता)

मंडळी, एक मत मांडतो. पटलं नाही तर बिनधास्त हाणा.

आमचं युनिट मासळी प्रक्रियेचं, रत्नागिरीत. माझ्याकडे क्वालिटीचे कागद: एसओपी (काम कसं करायचं ते ठरवून दिलेली पद्धत), हॅसॅप प्लॅन (अन्नातले धोके ओळखून आवरायची योजना), लेबलं, खरेदीदारांची स्पेसिफिकेशन्स. कोळंबीच्या ग्लेझिंगच्या (गोठवलेल्या मालावर बर्फाचा पातळ थर देण्याच्या) एकाच एसओपीच्या आमच्या फोल्डरमध्ये या फायली आहेत: 'ग्लेझिंग_फायनल', 'ग्लेझिंग_फायनल_नवीन', 'ग्लेझिंग_फायनल_साहेबांनी_बघितलेली'. पैसे मोजून डॉक्युमेंट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर घेतलंय, तरी लोक फाइल डाउनलोड करतात, डेस्कटॉपवर बदलतात आणि नवं नाव देऊन परत चढवतात.

माझं म्हणणं, ही सोयच बंद करावी. एक कागद, एक फाइल, एक लिंक. चेक-आउट करा (म्हणजे फाइल आपल्यापुरती लॉक करा), बदला, चेक-इन करताना (म्हणजे बदल चढवून लॉक सोडताना) काय बदललं ते दोन ओळींत लिहा. जुनं हवं असेल तर व्हर्जन हिस्टरीत आहे, कोणी कधी बदललं तेही तिथेच. फोल्डरमध्ये जुनी फाइल दिसत राहिली की कोणीतरी तीच उघडून प्रिंट मारणार.

कुडाळकार

माका ह्या पटणा नाय. आमच्याकडे पावसात नेट इला तर इला, नाय तर नाय.

आता सरळ लिहितो. काजू युनिटचं ऑफिस सांभाळतो. लाइट गेली, राउटर बंद, माणूस लॅपटॉपवर काम करत राहतो. तिकडे दुसरा मोबाइलच्या नेटवरून तीच फाइल बदलतो. नेट आलं की वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची क्लाउड साठवण) दोन्ही ठेवतं आणि एकीच्या नावाला कॉम्प्युटरचं नाव चिकटवतं. म्हणजे जी दुसरी फाइल तुम्हाला नको होती ती सॉफ्टवेअरनेच करून दिली! त्यापेक्षा नावात तारीख आणि आद्याक्षरं लिहिलेली काय वाईट? निदान माणसाला डोळ्यांनी दिसतं.

आणि चेक-आउटचं कौतुक नको. आमचा एक जण फाइल लॉक करून गणपतीच्या रजेवर गेला. बाकीच्यांना फाइल दिसते, पण हात लावता येत नाही.

मिरजोळेकर

ॲडमिन ते लॉक सोडवू शकतो की.

कुडाळकार

सोडवतो. पण त्याने चेक-इन न केलेले बदल त्यात जातात. आणि ॲडमिन म्हणजे कोण, तर कणकवलीहून आठवड्यातून एकदा येणारा पोरगा.

वाशिष्ठीकाठ

धागाकर्त्याशी सहमत. मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावरच्या फायली आणि पीसी, सगळं चिखलात गेलं. क्लाउडवर जे होतं तेवढंच उरलं. नाव-तारीख घातलेल्या फायली त्या पीसीवरच होत्या.

लोटे_ऑडिटवाला

ताई, नुकसान झालं त्याबद्दल वाईट वाटतं, पण तो बॅकअपचा मुद्दा आहे, व्हर्जनचा नाही. दोन्हींची गल्लत केली की पुढे दोन्हीकडून मार बसतो. गुगल ड्राइव्हवर पीडीएफ किंवा वर्डची फाइल चढवून तिच्यावर नवी प्रत टाकत राहिलात, तर जुनी प्रत ३० दिवसांनी किंवा १०० व्हर्जन झाली की उडू शकते. 'कायम ठेवा' असं सांगावं लागतं, ते कोणी सांगत नाही. शेअरपॉइंटच्या (ऑफिसच्या फायली एकत्र ठेवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) लायब्ररीत ५०० व्हर्जनची मर्यादा नेहमी दिसते, आणि जागेच्या हिशेबात प्रत्येक व्हर्जन पूर्ण आकाराचं धरलं जातं. २० एमबीचा फोटोंचा रिपोर्ट ५० वेळा सेव्ह झाला की १००० एमबी गेले.

आता धागाकर्त्याला. तुमची हिस्टरी सांगते की फाइल कधी सेव्ह झाली. ऑडिटर काय विचारतो? 'हा लॉट ज्या दिवशी पॅक झाला, त्या दिवशी कोणतं व्हर्जन लागू होतं?' ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. सोमवारी तुम्ही सेव्ह केलंत, गुरुवारी मॅनेजरने मंजूर केलं, पुढच्या सोमवारी कामगारांना शिकवलं. मग मधल्या मंगळवारच्या लॉटला जुनंच लागू. आणि हॉलच्या भिंतीवर लॅमिनेट करून लावलेला कागद? तो तर कोणतंच सॉफ्टवेअर बदलत नाही. मी एका ठिकाणी पाहिलंय, कॉम्प्युटरवर रिव्हिजन ४ आणि मेटल डिटेक्टरच्या शेजारी रिव्हिजन २, वर टेस्ट पीसचा (मशीन धातू पकडतं का ते तपासायच्या तुकड्याचा) आकार वेगळा. ऑपरेटर बिचारा भिंतीवरचं वाचून काम करत होता. त्याचं काय चुकलं?

म्हणून रिव्हिजन नंबर आणि 'लागू दिनांक' कागदाच्या आतच, हेडरमध्ये हवा. आयएसओ ९००१:२०१५ या क्वालिटीच्या मानकाच्या कलम ७.५.३ मध्ये बदलांवर नियंत्रण मागितलंय. सॉफ्टवेअरच हवं असं त्यात कुठेही नाही.

आक्षी_हिशेबनीस

सॉफ्टवेअर नाही म्हणता, पण १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना एडिट लॉग (कोणी कधी काय बदललं याची आपोआप नोंद) सक्तीचा आहे, आणि तो बंद करता येता कामा नये. म्हणजे वाद संपलाच.

लोटे_ऑडिटवाला

तो नियम हिशेबाच्या सॉफ्टवेअरला, तोही कंपन्यांना. कोळंबीच्या एसओपीला ओढूनताणून लावू नका हो.

साधा_कारकून

सगळे सोयीचं बोलताय, गैरसोयीचं मी बोलतो. आमच्याकडे साहेब व्हर्जन हिस्टरी उघडतात ती कागद बघायला नाही, माणूस बघायला. कोणी किती वाजता सेव्ह केलं, कोणी एकच परिच्छेद पाच वेळा का बदलला. परिणाम काय? मी कच्चं लिखाण आता नोटपॅडमध्ये करतो आणि पूर्ण झालं की एकदम चिकटवतो. हिस्टरीत दिसतं, 'एकाच दिवशी एकदाच बदल'. शाबास!

वाशिष्ठीकाठ

दादा, तो साहेबांचा दोष. सातबाऱ्यावर जुनं नाव खोडून टाकत नाहीत, कंस करतात आणि फेरफार क्रमांक लिहितात. भावाभावांत कज्जा झाला की तोच फेरफार काढून बघतात ना? नोंद असावीच.

साधा_कारकून

ताई, उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. फेरफार धरला जातो तो नोंद प्रमाणित होताना. त्याआधी तलाठी कार्यालयात कोणी किती कच्चे कागद फाडले ते सातबाऱ्यावर येत नाही. मला तेवढंच हवंय. मंजूर झालेलं सगळ्यांना दिसू दे, मसुदा माझा मला राहू दे.

मिरजोळेकर

हे मान्य. शेअरपॉइंटमध्ये तशी सोय आहे. ०.१, ०.२ हे मसुदे, प्रसिद्ध केलं की १.०. वाचणाऱ्याला फक्त १.० दिसेल असं लावता येतं. आमच्याकडे चालू नव्हतं, लावून घेतो. हेडरमध्ये लागू दिनांकही टाकतो. पण नाव बदलून अपलोड करायला माझी बंदी कायम.

देवगड_एक्स्पोर्ट

बंदीच्या बाजूने एक अनुभव. एका निर्यातदाराकडून आम्हाला कोटेशन आलं, वर्डमध्ये, नाव 'फायनल'. ट्रॅक चेंजेस (वर्ड दाखवतं त्या बदलांच्या खुणा) नुसते दिसायचे बंद केले होते, 'ॲक्सेप्ट' केलेच नव्हते. आमच्या मुलीने व्ह्यू बदलला आणि आधीचा पेटीमागचा दर लाल रेघ मारलेला समोर. पुढची घासाघीस कशी झाली असेल ते सांगायला नको. बाहेर जाणारा कागद पीडीएफ करूनच पाठवा, कसलंही सॉफ्टवेअर असो.

कुडाळकार

हा किस्सा बंदीच्या नव्हे, पीडीएफच्या बाजूचा, पण झकास. धागाकर्त्या, एसओपीला तुझा नियम चालेल, त्या वर्षातून एकदोनदाच बदलतात. रोजचा आवक तक्ता मात्र मी तारखेच्याच नावाने ठेवणार. तिथे प्रत्येक दिवस हा नवा कागद आहे, जुन्याचं व्हर्जन नाही. तुझ्या बंदीत तो सापडला तर गेटवरचा माणूस कालच्याच फाइलवर आजची पोती लिहील.

मिरजोळेकर

आवक तक्ता वगळला. लेबलं नाही वगळणार.

कुडाळकार

लेबलांवर उद्या भांडू, आता लाइट गेली.