मदत हवी आहे: चढ किती लांब असला की घोळका फुटतो?

मंडळी, क्रॉस-कंट्री स्कीइंगमधलं कळणारं कोणी आहे का? टूर द स्की या अनेक टप्प्यांच्या शर्यतीचा शेवटचा टप्पा बघितला, इटलीतला आल्पे चेर्मिस, डाउनहिलवाल्यांची उतरण हे लोक चक्क उलटी चढतात, काही ठिकाणी २८ टक्के चढ, वर पोचले की सगळे बर्फावर आडवे. उलट स्वीडनच्या ९० किलोमीटरच्या वासालोपेत शर्यतीत सुरुवातीचा मोठा चढ सोडला तर बराचसा सपाट रस्ता, तिथे टॉपचे लोक ग्रिप वॅक्स (चढावर स्की मागे घसरू नये म्हणून लावतात ते मेण) न लावताच नुसतं डबल पोलिंग करत, म्हणजे दोन्ही काठ्या एकदम रोवून ढकलत जातात (दंडाचे स्नायू काय असतील!). तर सपाटीवर पुढच्याच्या आडोशाने ताकद वाचते, मग चढ साधारण किती लांब, किती खडा असला की तो फायदा संपतो? की चढानंतर लगेच उतार दिला तर मागचे परत गाठतात? भावाशी पैज लागलीय, प्लीज सांगा.